इंजिनात पाणी शिरलं तेव्हा: तुमचे अनुभव सांगा

सुरुवात माझ्यापासून. मागच्या जुलैत सबवेत गाडी बंद पडली. शेजारचे काका म्हणाले, "मार परत सेल, होते चालू." मारला. 'टक्' झालं आणि संपलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना अडला आणि कनेक्टिंग रॉड वाकला. तुमचं काय झालं? लिहा.

मुंबई, 2005. काकांची बाजू घेतो! 26 जुलैला माझी कार्बोरेटरवाली गाडी अशीच बंद पडली होती. डिस्ट्रिब्युटरचं (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) झाकण काढून कोरड्या फडक्याने पुसलं, चालू. पाणी एअर फिल्टरपर्यंत गेलंच नव्हतं म्हणून. बंद पडली की परत सेल मारायची तीच सवय आज महागात पडते.

चिपळूण. 22 जुलै 2021. वाशिष्ठीचं पाणी अंगणात टपापर्यंत, गाडी बंद उभी. पाणी ओसरल्यावर मुलगा चावी घेऊन धावला, मी ती खिशात घातली. आधी बॅटरीची मायनस वायर काढली. फिटर तिसऱ्या दिवशी उगवला. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) ओढली तर ऑइल खुणेच्या बोटभर वर, रंग दुधाळ चहाचा, म्हणजे पाणी मिसळलेलं. त्याने ऑइल सोडलं, प्लग काढले, क्रँक पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवलं. प्लगच्या भोकातून गढूळ पिचकारी थेट त्याच्या शर्टावर! मग ऑइल-फिल्टर बदल, थोडं चालव, पुन्हा बदल. असं तीनदा. इंजिन वाचलं. वायरिंग मात्र गेलं, आणि सीटखालचा चिखलाचा वास दिवाळीपर्यंत टिकला.

पुणे. विमा कंपनीच्या सर्व्हेअरचा पहिला प्रश्न: "पाण्यात असताना स्टार्ट केली होती का?" मी खरं सांगितलं. विम्यात इंजिनचं ॲड-ऑन (वेगळं जादा संरक्षण) नव्हतं, त्यामुळे इंजिनचा क्लेम नामंजूर. टोचन करून आणली असती तर बरं झालं असतं.

म्युनिक. पूर नाही, तरी ऑइलच्या झाकणाखाली पांढरी साय! हेड गॅस्केट (कूलंट ऑइलमध्ये जाऊ न देणारं सील) गेलं या भीतीने झोप उडाली. पण डिपस्टिक स्वच्छ, कूलंटही कमी झालेलं नव्हतं. हिवाळ्यात रोज दोन किलोमीटरच चालवायचो, इंजिन तापायचंच नाही. आतली वाफ तिथे थंड होऊन पाणी व्हायची आणि ऑइलमध्ये मिसळायची. हायवेवर तासभर पळवली, गेली.

सांगली. जुनी गाडी बघायला गेलो होतो. चकाचक, परफ्यूम मारलेला. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, तर टोकाला वाळक्या चिखलाची सरळ रेघ. मालक म्हणे, "मुलगा शेतात घेऊन गेला होता." बेल्ट शेतात?