बोचणारच नसेल तर व्यंगचित्र काढायचं कशाला?

नौपाडा_जुना: काल इथे कुणीतरी लिहिलं, "व्यंगचित्रानं कुणाचं मन दुखावू नये. गोडीत सांगता येत नसेल तर छापूच नये." खाली अंगठ्यांची रांग. राहवलं नाही म्हणून लिहितो. गोडीत सांगायला सत्काराची भाषणं आहेत. 1960 साली 'मार्मिक' हे व्यंगचित्रांचं साप्ताहिक निघालं ते काय पुढाऱ्यांना गोंजारायला? व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन तोंडातून शब्द काढत नव्हता, तरी शेजारी उभा केलेला मंत्री उघडा पडायचा. आणि 2020 मध्ये मुख्यमंत्र्यांवरचं व्यंगचित्र नुसतं पुढे पाठवलं म्हणून कांदिवलीत निवृत्त नौदल अधिकाऱ्याला मारहाण झाली. ठाणेकरांनी तरी असं बोलू नये. आपल्याच ठाण्यातून एकोणिसाव्या शतकात 'हिंदुपंच' हा टवाळ अंक निघायचा. त्याची टीका गोपाळ कृष्ण गोखल्यांना इतकी लागली की 1909 मध्ये ते कोर्टात गेले. कोर्टात! दगड घेऊन नव्हे.

सानपाडा_सेक्टर: दगडांचं नाव काढलंतच म्हणून बोलतो. 2016 ला मराठा मूक मोर्चांवर 'सामना'त व्यंगचित्र आलं. माझी आई आणि बहीण त्या मोर्चात चालल्या होत्या, कोपर्डीच्या लेकीसाठी. एक घोषणा नाही दिली. आणि त्यांची ती थट्टा? आईनं पेपर घडी करून ठेवला, दिवसभर कुणाशी बोलली नाही. तिच्या हातात कुठली सत्ता होती? नवी मुंबईत 'सामना'वर दगडफेक झाली तेव्हा मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही. उद्धव ठाकऱ्यांना शेवटी माफी मागावी लागलीच.

नौपाडा_जुना: ते चित्र वाईट होतं, हे मी तेव्हाही म्हणत होतो. पण दगड लागतो तो आत काम करणाऱ्याला. त्यानं काढलं होतं का चित्र?

सानपाडा_सेक्टर: तुमच्या आईवर काढलं असतं म्हणजे कळलं असतं.

कळवा_पूर्व: आई-बहिणीवर नेऊ नका. 1949 मध्ये व्यंगचित्रकार शंकरनी काढलेलं चित्र आठवा: संविधानाच्या गोगलगायीवर बाबासाहेब, मागे चाबूक घेतलेले नेहरू. 2012 ला ते शालेय पुस्तकातलं म्हणून गाजलं तेव्हा मी पहिल्यांदा पाहिलं. पोटात कालवलं. चाबूक दिसला की आमच्या घरात काय काय आठवतं, हे ज्याला आठवत नाही त्यानं मला विनोदबुद्धी शिकवू नये. तरीही पुण्यात त्या पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकरांच्या ऑफिसची मोडतोड झाली, ती मला पटली नाही. राग माझा खरा, मोडतोड चूक.

घोडबंदर_टॉवर: मोठ्या लोकांचं सोडा हो. आमच्या सोसायटीत गणपतीत चित्रांचं प्रदर्शन होतं. नववीतल्या मुलीनं काढलं: टँकरच्या पाइपला तोंड लावून सेक्रेटरी, मागे रिकाम्या बादल्या घेऊन सगळी बिल्डिंग. आरतीच्या आधी चित्र गायब. का, तर "वातावरण बिघडतं". आणि टँकरचे पैसे दर महिन्याला आमच्याकडून!

ऐरोलीकर: नवी मुंबईत या. आमच्या पालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे. ठाण्याला धरण नाही आणि टॉवर मात्र उगवताहेत.

पाचपाखाडी: मोरब्याचा तोरा नको. उन्हाळ्यात तुमच्याकडेही पाणीकपात होते.

ऐरोलीकर: कपात होते. टँकरवर जगत नाही आम्ही.

घोडबंदर_टॉवर: फ्लॅट घेताना बिल्डरनं चोवीस तास पाणी सांगितलं होतं. आता बिल्डर फोन उचलत नाही आणि सेक्रेटरी हिशेब दाखवत नाही. मी सभेत विचारलं तर म्हणाले, "तुम्हाला राजकारण करायचंय."

कळवा_पूर्व: धागा व्यंगचित्रांवर होता.

नौपाडा_जुना: असू द्या, हे व्यंगचित्राबद्दलच आहे. त्या पोरीनं ज्याच्या हातात व्हॉल्व्ह त्याला धरलं. सानपाड्याच्या आईच्या हातात काही नव्हतं. एवढा फरक मला मान्य आहे. दगड मान्य नाही.

सानपाडा_सेक्टर: मग पहिल्याच पोस्टमध्ये 'कुणाचं मन' कसलं, ज्याच्या हातात सत्ता त्याचं मन, असं लिहायचं होतंत. निम्मं भांडण वाचलं असतं. दगडांचं मी मागे घेत नाही.

नौपाडा_जुना: नका घेऊ. घोडबंदर, ते चित्र फाडलं नसेल तर इथे टाका.

घोडबंदर_टॉवर: फाडलं नाही, मुलीनं मागून घेतलं. टाकायला तीही तयार आहे. तिचे बाबा नको म्हणतात, त्यांचा पार्किंगचा अर्ज त्याच सेक्रेटरीकडे पडलाय.