मदत हवी आहे: कोरल (समूहगानाच्या) रचनेचं विश्लेषण कसं लिहायचं?
नमस्कार मंडळी. ठाण्यात आमच्या पॅरिशच्या (चर्चच्या) क्वायरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, मी अल्टो (बायकांचा खालचा आवाज) गाते. शिक्षण मात्र हार्मोनियम आणि हिंदुस्थानी गायनाचं. नाताळसाठी अमेरिकन संगीतकार मॉर्टन लॉरिडसन यांचं 'ओ मॅग्नम मिस्टेरियम' (१९९४) हे लॅटिन गीत बसवतोय आणि त्याच्या सांगीतिक वैशिष्ट्यांवर दोन पानं लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

रचना डी मेजरमध्ये. पांढरी दोनचा सा धरला, तर सुरुवातीच्या कॉर्डमध्ये (एकत्र गायलेल्या स्वरांत) बेसकडे, म्हणजे सगळ्यांत खालच्या पुरुषी आवाजाकडे, सा नाही, गंधार आहे, म्हणून सगळं अधांतरी तरंगतं. इथवर कळलं. पण 'व्हर्गो' (कुमारी, म्हणजे मरिया) शब्दावर आम्हा अल्टोंना जी शार्प येतो, म्हणजे तीव्र मध्यम, तोही पंचमाला खेटून! मरियेचं दुःख दाखवायला तो मुद्दाम योजलाय, असं संगीतकारांनी स्वतःच सांगितलंय. (गाताना अंगावर काटा येतो, खरंच.)

याला सस्पेन्शन (आधीच्या कॉर्डमधून धरून ठेवलेला विसंवादी स्वर) म्हणायचं की अपोज्यातुरा (थेट येऊन मग शेजारच्या स्वरावर उतरणारा विसंवादी स्वर)? आणि नुसती कॉर्डची नावं उतरवली की किराण्याची यादी होते. चार आवाजांच्या मांडणीबद्दल नेमकं काय बघायचं? ठाणे-ऐरोली-वाशीकडे पाश्चात्त्य हार्मनी शिकलेलं कोणी आहे का? स्कोअर घेऊन मीच येईन, चहा माझ्याकडून.