एमए सायकॉलॉजी करायचंय पण काउन्सेलिंग नको, रिसर्च हवाय. कुठे करू?

सातारी_टीवाय:
टीवायबीए सायकॉलॉजीला आहे. एमए करायचं पक्कं आहे पण काउन्सेलिंगमध्ये नाही जायचं, मला मेमरीवरचे प्रयोग वगैरे मनापासून आवडतात आणि पुढे पीएचडी करायची आहे. घरी सगळे म्हणतात क्लिनिकल घे, निदान दवाखाना तरी टाकता येईल. पुणे की मुंबई आणि स्पेशलायझेशन कुठलं घेऊ? प्लीज कोणीतरी नीट सांगा.

केतकी_पी:
घरच्यांना आधी हे सांग की नुसत्या एमए क्लिनिकलवर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही, त्यासाठी आरसीआयमान्य (आरसीआय म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) वेगळा कोर्स आणि रजिस्ट्रेशन लागतं. आणि पुणे-मुंबई नंतर, आधी गाइड बघ, म्हणजे ज्यांच्या हाताखाली संशोधन करशील ते शिक्षक. डिपार्टमेंटमधल्या सर-मॅडमची नावं गूगल स्कॉलरवर (शोधनिबंध शोधायची साइट) टाकून हल्ली काय छापलंय ते वाच, मग पार्ट टूच्या, म्हणजे एमएच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठून विचार की डिसर्टेशन (संशोधन प्रबंध) सगळ्यांना असतं का आणि एका गाइडकडे किती जण. एका मॅडमकडे वीस मुलं असतील तर तुझा ड्राफ्ट वाचणार कोण? एमएच्या शेवटच्या वर्षाला असतानाच नेट ही यूजीसीची परीक्षा देता येते, त्यातून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर पीएचडीत पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० मिळतात, घरी हा आकडा नक्की सांग.

घाटावरचा:
गाइडचं पटलं पण मी म्हणेन आत्तापासून स्टॅट्स (संख्याशास्त्र) पक्कं कर. बरीचशी डिसर्टेशन म्हणजे व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरवलेला गूगल फॉर्म असतो, त्यात १ ते ५ पैकी कोणी सरळ सगळीकडे मधला ३ टिक करून देतं, उलट्या अर्थाच्या वाक्यांनाही ३च, आणि तो डेटा तसाच अॅनालिसिसला जातो. दोन गटांत मध्यम फरक असेल (फरक किती मोठा हे सांगणारा आकडा, कोहेनचा डी, ०.५) तर तो सापडण्याची शक्यता ८०% हवी असेल तर प्रत्येक गटात ६४ जण लागतात, आणि लोक तीस-तीस घेऊन 'फरक नाही' लिहून मोकळे होतात. याचं मला खरंच वाईट वाटतं. २०१५ला सायकॉलॉजीतले १०० जुने अभ्यास पुन्हा करून पाहिले तेव्हा फक्त ३६% मध्ये निष्कर्ष सिग्निफिकंट, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही असा आला, त्यामागे लहान सॅम्पल हेही एक कारण होतं. अॅनालिसिसचं जॅमोव्ही आणि किती जण लागतील ते काढायचं जीपॉवर, ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, आजच टाकून घे.

सावली२१:
मेमरी आवडत असेल तर एमएवरच अडू नकोस, कॉग्निटिव्ह सायन्स (मेमरी, लक्ष, विचार यांचा अभ्यास) बघ, अलाहाबाद विद्यापीठाचं सेंटर आहे, आयआयटी गांधीनगरला एमएससी आहे. आणि कॉलेजात चौथं वर्ष, ऑनर्स विथ रिसर्च, मिळतंय का विचार, ते केलंस तर एमए एका वर्षाचं होतं आणि ७५% असतील तर थेट पीएचडीलाही अर्ज करता येतो.

सातारी_टीवाय:
थँक्यू सगळ्यांना! बारावीला मॅथ्स नव्हतं, स्टॅट्स झेपेल ना?

घाटावरचा:
झेपेल गं, मीही आर्ट्सचाच. प्रॅक्टिकलच्या जर्नलमधला तुझाच डेटा घे आणि दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासणाऱ्या टी-टेस्टपासून सुरू कर, अडलीस तर इथेच टाक.