मदत हवी आहे: खाडीतल्या शर्यतीत स्टार्ट दर वेळी चुकतो

निळं शीड:

नमस्कार मंडळी,

इथे शिडाच्या होड्या चालवणारं कुणी आहे की नाही, माहीत नाही. ट्रेकिंगचे नि मिसळीचे धागे ढिगाने दिसतात, म्हणून धीर करून विचारतो.

वय ५१. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीवर आमचा लहानसा सेलिंग क्लब आहे. नाव देत नाही, कारण इथे लिहिलेलं संध्याकाळपर्यंत जेटीवर पोचतं. क्लब म्हणजे पत्र्याची शेड, गोड्या पाण्याचा एक नळ, पाच जुन्या एन्टरप्राइज, दोन लेझर आणि पोरांसाठी थोड्या ऑप्टिमिस्ट (सगळ्या छोट्या शिडाच्या होड्याच). महिन्यातून एकदा रविवारी दुपारी साडेतीनला शर्यत असते. मी एन्टरप्राइज चालवतो, म्हणजे सुकाणू आणि मोठं शीड माझ्याकडे. पुढे जिबला, म्हणजे पुढच्या लहान शिडाला, माझी लेक असते, वय १६. ही तेरा फुटी दोघांची होडी, शिडं निळी. आयडी त्यावरूनच घेतलाय.

अडचण अशी. चार वर्षं झाली, होडी बऱ्यापैकी चालवता येते. टॅक, जाईब (होडीचं नाक किंवा मागची बाजू वाऱ्यातून वळवणं), वाऱ्याला धरून वर, म्हणजे वाऱ्याच्या दिशेने जाणं, यात इतरांपेक्षा फार मागे नाही. पण स्टार्ट! एक तर भोंग्याच्या आधीच रेषेपलीकडे जातो, नाही तर भोंगा वाजतो तेव्हा तीन होड्यांच्या मागे लटकत असतो. माघी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी झालेल्या शर्यतीत शेवटच्या मिनिटाला शीड ढिलं सोडून थांबलो होतो, तरी रेषा ओलांडली. निळा क्रॉस असलेला पांढरा झेंडा वर गेलेला लेकीने पाहिला, पण तिला वाटलं तो दुसऱ्या कुणासाठी आहे. अख्खी शर्यत जीव तोडून केली, तिसरे आलो. किनाऱ्यावर चहा हातात घेतल्यावर कळलं, ओसीएस, म्हणजे भोंग्याला रेषेपलीकडे होतो आणि परत फिरलो नाही. पाच होड्यांच्या शर्यतीत सहा गुण. शेवटच्या नंबरापेक्षाही वाईट.

लेक म्हणते, "बाबा, तुम्ही घड्याळ बघता, पाणी बघतच नाही." क्लबातल्या एका ज्येष्ठांना विचारलं तर म्हणाले, "अनुभवाने येईल." त्यांना तीस वर्षांचा अनुभव आहे आणि तेही माझ्याच शेजारी ओसीएस होते.

रेषा जेटीच्या समोर आडवी असते. वारा समुद्राकडून, म्हणजे पहिला बोया खाडीच्या तोंडाकडे. तर स्टार्टचा सराव नेमका कसा करायचा? घड्याळ बदलू का?

डोलकाठी:

घड्याळ बदलू नका, पंचांग आणा. चेष्टा नाही.

तुम्हीच लिहिलंत की पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी साडेतीनला शर्यत होती. आपल्याकडचा जुना हिशेब: तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा, भरतीची वेळ मिळते. प्रतिपदा म्हणजे पाऊण तास, बारावर पाऊण. पाऊण वाजता भरती पूर्ण, तिथून ओहोटी सुरू. साधारण सहा तासांच्या ओहोटीत तिसऱ्या-चौथ्या तासाला पाणी सगळ्यात जोरात ओढतं. म्हणजे बरोब्बर साडेतीन-पावणेचार. त्यात उधाणाचे दिवस. तुम्ही थांबला होतात ते पाण्यावर, आणि पाणीच निघालं होतं समुद्राकडे, तुम्हाला रेषेपलीकडे घेऊन.

तिथीच्या हिशेबात बंदरागणिक थोडा फरक पडतो, म्हणून शर्यतीच्या दिवशी टाइड टेबल बघाच. पण घरी चहा पिता पिता "आज पाणी कुठल्या बाजूला" एवढं सांगायला पंचांग पुरतं.

उगाच:

म्हणजे आता शर्यतीला मुहूर्त काढायचा? आमच्या भटजींना नवा धंदा.

निळं शीड:

@डोलकाठी, डोकं गरगरलं. चार वर्षांत हे कुणी सांगितलं नाही. मग ओहोटीत थांबायचं कुठे? आणि किती मागे?

भाऊचा धक्का:

मी मुंबई बंदरात चालवतो (आधी क्रू म्हणून, आता लेझर), तिथे पाण्याशी खेळल्याशिवाय गत्यंतरच नाही. उधाणाला चार मीटरच्या वर चढउतार. १९८२ च्या आशियाई स्पर्धेतल्या शिडाच्या शर्यती मुंबईलाच झाल्या होत्या आणि फायरबॉल वर्गात फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सुवर्ण मिळवलं होतं. दक्षिणेकडे सरकलं की चढउतार कमी होत जातो, म्हणून कोकणातली मंडळी त्याला हलकं घेतात. पण खाडीचं तोंड अरुंद असलं की कमी पाणीसुद्धा जोरात पळतं.

आकडा सांगतो म्हणजे पटेल. प्रवाह एक नॉट असेल तर मिनिटाला जवळपास ३१ मीटर. तुमची होडी चार मीटरची. म्हणजे शेवटच्या मिनिटात तुम्ही शीड पूर्ण सोडून नुसते बसलात तरी साडेसात होड्यांइतकं अंतर पुढे जाल. तुम्ही रेषेपासून किती मागे थांबला होतात? दोन होड्या? झालं तर मग.

प्रवाह मोजायला उपकरण नको. पाण्याची बाटली तीन-चतुर्थांश भरा, म्हणजे ती बुडत बुडत तरंगेल आणि वारा तिला ढकलणार नाही. नांगरलेल्या कमिटी बोटीच्या (रेषेच्या टोकाला शर्यत चालवणाऱ्यांची असते ती) बाजूला सोडा. चार मीटर जायला आठ सेकंद लागले तर एक नॉट. स्वतःच्या होडीवरून टाकू नका, होडीही त्याच पाण्यात वाहत असते. बाटली परत गोळा करा, नाहीतर कांदळवनात आधीच काय कमी कचरा आहे!

आणि एक. नांगरलेली कमिटी बोट बघून वारा ठरवू नका. जोराच्या प्रवाहात ती वाऱ्याकडे नाही, पाण्याकडे तोंड करून उभी असते. झेंडा बघा.

तांडेलाची नात:

माझे आजोबा मच्छीमार होते, शिडाच्या होडीचे तांडेल. शर्यत वगैरे नाही, पोटासाठी. समुद्रात जाळ्याची जागा पुन्हा सापडावी म्हणून ते किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरायचे. देवळाचा कळस आणि मागच्या डोंगरावरचा वड, असं काहीतरी. तुम्हाला स्टार्टच्या रेषेवर हेच करायचंय.

शर्यतीच्या दहा मिनिटं आधी कमिटी बोटीच्या बाहेरच्या बाजूला जा. तिथून बोटीवरचा झेंडा आणि पलीकडचा बोया एका रेषेत आणा, आणि बोयाच्या मागे किनाऱ्यावर काय दिसतं ते लक्षात ठेवा. एखादा वाकडा माड, पिवळं घर. नंतर तुम्ही रेषेच्या मध्यावर असलात तरी चालतं. बोया त्या माडावर आला की तुम्ही रेषेवर. माड अजून बोयाच्या मागे जुळलेला नाही, म्हणजे रेषा पुढे आहे. ही खूण लेकीला सांगा, तिला बघू दे. तुम्ही शीड सांभाळा.

बाकी लेक बरोबर बोलली.

निळं शीड:

लेक बरोबर बोलली हे वाक्य तिने मला तीनदा वाचायला लावलं.

अजून एक शंका. क्लबात सांगतात की प्रवाह होडीच्या खालच्या बाजूला, लीवर्डला (वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूला), घेतला की होडी वर, वाऱ्याकडे, उचलली जाते. दर वेळी त्या हिशेबाने टॅक घेतो, फायदा काही दिसत नाही.

भाऊचा धक्का:

दिसणारही नाही. सगळ्या होड्या एकाच पाण्यावर असतील तर पाणी सगळ्यांना सारखंच नेतं. लोकलच्या डब्यात चौघं चालत असतील, तर गाडी पश्चिमेला जाते की पूर्वेला यावर कोण आधी दाराशी पोचतो हे ठरत नाही. फायदा तेव्हाच, जेव्हा पाणी ठिकठिकाणी वेगळं असतं. आणि खाडीत ते असतंच. मध्यावर खोल पात्रात जोर, काठाच्या उथळ भागात सुस्त. वळणावर बाहेरच्या बाजूला जोर.

म्हणून ओहोटीत वर, खाडीच्या तोंडाकडे जाताना मधून जा, पाणी फुकट ढकलतं. परत येताना काठ धरा. भरतीत नेमकं उलट. काठावरचं पाणी आधी वळतं हेही लक्षात असू द्या. मध्यावर ओहोटी चालू असताना काठाला भरती लागलेली असते. काठाने जाताना सेंटरबोर्ड (होडीखालची उभी फळी) थोडा वर घ्या.

आणि ओहोटीत पहिल्या बोयाला जाताना शेवटचा टॅक नेहमीपेक्षा लवकर घ्या. पाणी तुम्हाला बोयाकडे नेतंच आहे. मी पहिली दोन वर्षं बोयाच्या पन्नास मीटर पुढे जाऊन परत यायचो आणि वाऱ्याला दोष द्यायचो.

सुकती:

सगळे जिंकण्याचं बोलताय, म्हणून जरा वेगळं. ओहोटी म्हणजे आमची सुकती, आणि ती समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याच्या विरुद्ध पळायला लागली की तोंडावर लाट उभी राहते. आखूड, उंच, फुटणारी. तोंडावर वाळूचा उथळ पट्टा असेल तर विचारूच नका. तुमचा पहिला बोया तोंडाकडे आहे असं लिहिलंत. किती तोंडाकडे?

त्यात होडी उलटली तर पाणी तुम्हाला किनाऱ्याकडे नाही, बाहेर नेणार. दोन गोष्टी तंबीच समजा. होडी सोडून पोहायला लागायचं नाही. उलटलेली होडी दुरून दिसते, माणसाचं डोकं दिसत नाही. आणि रेस्क्यू बोट बोयापाशी हवी, इंजिन चालू. जेटीला बांधलेली नको.

होडीत लहान नांगर आणि दोरी ठेवता का? शर्यतीच्या नियमांत नांगर टाकायला मनाई नाही. उथळात पाय टेकवून उभं राहायलाही नाही. (कालवांच्या शिंपल्यांवर अनवाणी पाय ठेवलात तर मात्र नियमांपेक्षा डॉक्टर आठवेल.) वारा पडला आणि भरती मागे ढकलायला लागली की बाकीचे मागे जात असताना नांगर टाकून जागेवर थांबणारा पुढे असतो. मी एकदा असाच दुसरा आलो, एक इंच न हलता.

निळं शीड:

@सुकती, कबूल करतो. रेस्क्यू बोटीच्या ड्यूटीची यादी भिंतीवर आहे, पण रविवारी ज्याचं नाव असतं त्याच्या घरी नेमके पाहुणे येतात. बोट बहुतेक वेळा जेटीलाच असते. बोया तोंडापासून फार लांब नाही. लेक पुढे बसते आणि मी हे चार वर्षं खपवून घेतलं, हे लिहिताना जरा लाज वाटली. येत्या मीटिंगमध्ये बोया आत घेण्याचा विषय काढतो. तीस वर्षांचा अनुभव विरोध करेलच.

डोलकाठी:

पुढच्या रविवारी कृष्ण अष्टमी येते. भरती सहाच्या आसपास, म्हणजे साडेतीनला पाणी चढत असेल. पण भांगाचं, म्हणजे कमी चढउताराचं, जोर कमी. सरावाला उत्तम. त्या दिवशी उलटा त्रास होईल, पाणी तुम्हाला रेषेपासून मागे ढकलेल. तेव्हा रेषेला चिकटून राहा. शेवटच्या मिनिटाचा वेगळा नियम झेंड्याने लावला नसेल, तर भोंग्याआधी रेषेपलीकडे असणं गुन्हा नाही. भोंग्याला मागे असलात की झालं.

निळं शीड:

अपडेट देतो.

रविवारी शर्यत नव्हती, सराव. दोन बोये टाकून आमची आम्हीच रेषा केली. बाटली सोडली, चार मीटरला वीस सेकंद. म्हणजे अर्ध्या नॉटच्याही आत, डोलकाठी म्हणाले तसं. खुणेला क्लबामागच्या चाफ्यासमोरचा विजेचा खांब मिळाला. लेक पुढून सांगत होती, "खांब अजून डावीकडे... आला... आला... आता!" बारापैकी सात स्टार्ट रेषेवर. याआधी चार वर्षांत मिळून सात झाले नसतील.

मीटिंगही झाली. बोया सव्वाशे मीटर आत घ्यायचं ठरलं, आणि रेस्क्यू बोटीवर कुणी नसेल तर शर्यत नाही, असंही. विरोध अपेक्षेप्रमाणे झाला. पहिल्या ड्यूटीला माझंच नाव लागलं.

पुढची शर्यत अमावास्येच्या रविवारी, साडेतीनलाच. म्हणजे पुन्हा भर ओहोटी. मी रेस्क्यू बोटीवर असणार, म्हणून लेकीने परस्पर ठरवलंय की सुकाणू ती घेणार आणि जिबला तिची मैत्रीण. त्यानंतरही सुकाणू तिच्याकडेच राहील, असा घरात एकंदर सूर दिसतोय. तेव्हा नवा प्रश्न, मंडळी: एन्टरप्राइजमध्ये पुढे जिबला बसताना उजव्या गुडघ्याचं काय करायचं? माझा दुमडत नाही.

उगाच:

त्याला वेगळा धागा काढा. आरोग्य विभागात.