फॉस्फरवर पीएच.डी. केली तर लेझरचं दार बंद होतं का?

कोराडीकर_फिजिक्स
नागपूर विद्यापीठातून एम.एस्सी. फिजिक्स करतोय, शेवटचं सेमिस्टर आहे. ओढ लेझरची आहे, पण इथे सगळे म्हणतात फॉस्फर (म्हणजे यूव्ही वगैरे पडलं की चमकणारे पदार्थ) घे, पेपर लवकर निघतात. बाबा म्हणतात बी.एड. करून मोकळा हो. काय करू?

महालची_ताई
भाऊ, दार बंद होत नाही. मी नागपुरातच फॉस्फरवर पीएच.डी. केली, आता लेझरवर काम करते.

फॉस्फर बनवताना धातूंचे नायट्रेट आणि युरिया बशीत घालून 500 अंशांच्या मफल फर्नेसमध्ये, म्हणजे बंद विजेच्या भट्टीत ठेवतात, ते तू पाहिलंच असशील. आधी उकळतं, फेस चढतो, मग भपकन पेट घेतं आणि पांढरी, फुसफुशीत राख उरते. यिट्रियम ऑक्साइडमध्ये युरोपियम घातलेलं असेल तर यूव्ही दिव्याखाली तीच राख लालभडक दिसते. युरोपियमच्याच घराण्यातलं निओडिमियम 'याग'च्या (यिट्रियम ॲल्युमिनियम गार्नेट) स्फटिकात घातलं की 1064 नॅनोमीटरचा लेझर मिळतो. घातलेल्या धातूचा आयन ऊर्जेच्या वरच्या पातळीवर किती वेळ टिकतो, त्याचं प्रमाण वाढवलं की उजेड का मरतो, हे प्रश्न दोन्हीकडे तेच.

फरक एवढाच की पावडर प्रकाश विखुरते, आणि नेहमीच्या लेझरला पारदर्शक माध्यम लागतं. म्हणून गाइड निवडताना पेपर मोजू नकोस. स्फटिक वाढवणं किंवा पारदर्शक सिरॅमिक बनवणं शिकायला मिळेल का, ते विचार. तेवढं हातात आलं की इंदूरच्या आरआरकॅटसारख्या (लेझरवर काम करणारी सरकारी संशोधन संस्था) ठिकाणी तुझं ऐकून घेतात. तिथे थेट पीएच.डी.ला जायचं असेल तर जेस्टच्या (पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा) तयारीला आत्ताच लाग.

एक मात्र मनापासून सांगते. 1064 डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे पापणी मिटत नाही. त्या तरंगलांबीचा चष्मा लावल्याशिवाय टेबलाजवळ जायचं नाही, सर घाई करत असले तरी.

वाडीवाले_काका
ताईंचं बरोबर आहे. उद्योगातही जागा आहे. ॲल्युमिनियम इन्फ्रारेड प्रकाश बराचसा परतवतं, म्हणून लेझरने त्याचं वेल्डिंग अवघड जातं. तो प्रश्न धातूचाही आहे आणि लेझरचाही. आपल्या वाडीत ॲल्युमिनियम संशोधन केंद्र आहे, हैदराबादच्या एआरसीआय या सरकारी संशोधन केंद्रात लेझर प्रोसेसिंगचं काम चालतं. दोन्हीकडे इंटर्नशिपसाठी लिही. आणि पाट्यांचं ॲक्रिलिक कापतो तो कार्बन डायऑक्साइड लेझर 1964 मध्ये बनवणारे सी. कुमार पटेल बारामतीत जन्मले, पुण्यात इंजिनिअरिंग शिकले.

कोराडीकर_फिजिक्स
ताई, काका, खूप आभार. बाबांना पैशाचं काय सांगू?

महालची_ताई
नेट-जेआरएफ (संशोधनाची सरकारी फेलोशिप) निघाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000, पुढे 42,000, घरभाडं वेगळं. पण हे पैसे कधी कधी महिनोन्महिने अडकतात, तेही बाबांना सांग. बी.एड. नंतरही करता येतं. आधी जूनची नेट दे.