रशियन कंडक्टर गेन्नादी रोझ्देस्त्वेन्स्की: कंडक्टर नेमकं करतो काय?

चैत्रगौरी:
नमस्कार मंडळी. माझी मुलगी व्हायोलिन शिकते. तिच्या सरांनी चायकोव्हस्कीच्या ‘स्वान लेक’ या बॅलेचं एक जुनं रेकॉर्डिंग ऐकायला सांगितलं: मॉस्कोचा रेडिओ ऑर्केस्ट्रा, कंडक्टर गेन्नादी रोझ्देस्त्वेन्स्की. दोघींनाही फार आवडलं. मग त्यांचे व्हिडिओ शोधले, तर हे गृहस्थ मध्येच हात खाली सोडून नुसते उभे, आणि वादक आपले वाजवताहेत! मग कंडक्टरचं काम काय असतं? आणि हे होते तरी कोण? कुणी नीट सांगेल का?

उठाण:
ताई, माझ्या अगदी आवडत्या माणसाबद्दल विचारलंत. मी तबलजी. पाश्चात्त्य संगीताचं रीतसर शिक्षण नाही, पण यांना बरीच वर्षं ऐकतोय.

आधी हात सोडण्याबद्दल. बहुतेक कंडक्टर छोट्या चौथऱ्यावर उभे राहतात. यांना चौथरा नको असे, वादकांच्या पातळीवर जमिनीवरच उभे राहत. हातात मात्र चांगली लांबलचक काठी. लय एकदा बसली की मात्रा मोजून दाखवण्यात त्यांना रस नसे. मग भुवई उंचावून एखाद्या वादकाला आत घ्यायचं, काठीच्या टोकाने कुणाला थोपवायचं. आपल्याकडे गवई समेवर येताना तबल्याकडे नुसता बघतो आणि सगळं कळतं, तसंच हे. खरं काम तालमीत आणि त्याआधी स्वरलिपी वाचताना झालेलं असतं.

जन्म ४ मे १९३१, मॉस्को. वडील निकोलाय अनोसव कंडक्टर, मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे तिथल्या संगीत महाविद्यालयात, शिकवायचे. आई नताल्या रोझ्देस्त्वेन्स्काया सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजाची गायिका. शिकले वडिलांकडेच, पण वडिलांच्या नावावर पुढे आला असं कुणी म्हणू नये म्हणून आईचं आडनाव लावलं. विशीतच मॉस्कोच्या बोल्शोई या ऑपेरा-बॅले थिएटरात चायकोव्हस्कीचा ‘नटक्रॅकर’ बॅले केला आणि १९६४ ते १९७० तिथले मुख्य कंडक्टर होते. पुढे स्टॉकहोम, लंडनचा बीबीसी, व्हिएन्ना इथले ऑर्केस्ट्रा. पदांची यादी कुठेही मिळेल, तिच्यात मी अडकत नाही.

मला ते मोठे वाटतात ते दाबून ठेवलेलं संगीत लोकांच्या कानापर्यंत आणण्यासाठी. सोव्हिएत संगीतकार शोस्ताकोविचचा ‘द नोज’ ऑपेरा घ्या. गोगोलच्या कथेवरचा. एका अधिकाऱ्याचं नाक चेहऱ्यावरून नाहीसं होतं आणि त्याच्याहून वरच्या हुद्द्याचा गणवेश घालून पीटर्सबर्गभर हिंडतं. १९३० मध्ये लेनिनग्राडला तो रंगमंचावर आला, टीकेची झोड उठली, बंद पडला. त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षं सोव्हिएत संघात त्याला कुणी हात लावला नाही. १९७४ मध्ये दिग्दर्शक बोरिस पोक्रोव्हस्की आणि रोझ्देस्त्वेन्स्की यांनी मॉस्कोतल्या एका तळघरातल्या छोट्या थिएटरात तो पुन्हा उभा केला. शोस्ताकोविच तेव्हा खूप आजारी होते, तरी तालमींना येऊन बसायचे. पुढच्याच वर्षी गेले. ऐन विशीत लिहिलेला आपला ऑपेरा त्यांना जिवंतपणी पुन्हा ऐकायला मिळाला, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्याच्या पहिल्या अंकात एक तुकडा निव्वळ तालवाद्यांचा आहे, सुरावट नाहीच. थरावर थर चढत जातात. तबला शिकणाऱ्या प्रत्येकाने ऐकावा.

त्याच १९७४ मध्ये संगीतकार आल्फ्रेड श्निट्केची पहिली सिम्फनी, म्हणजे पूर्ण ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना. मॉस्कोत होणं शक्य नव्हतं, म्हणून फेब्रुवारीत गोर्कीला, म्हणजे आजच्या निझ्नी नोव्हगोरोदला केली. वादक वाजवत वाजवतच मंचावर येतात, मध्येच जाझ सुरू होतं. आणि याच वर्षी त्यांनी रेडिओ ऑर्केस्ट्राही सोडला. ज्यू वादकांना काढा असं वरून सांगण्यात आलं होतं. हे त्यांनी केलं नाही, स्वतः बाहेर पडले.

पूर्वरंग:
उठाण, माणूस म्हणून मोठे, मान्य. पण तालमी कमी घेण्याबद्दल ते प्रसिद्ध होते आणि ते ऐकू येतं. दुसरे रशियन कंडक्टर म्राविन्स्की बघा, १९३८ पासून १९८८ पर्यंत एकच ऑर्केस्ट्रा, लेनिनग्राड फिलहार्मोनिक. कितीदा तरी वाजवलेली सिम्फनीसुद्धा दर वेळी नव्याने घासूनपुसून घ्यायचे. रोझ्देस्त्वेन्स्कींच्या १९८० च्या दशकातल्या शोस्ताकोविचच्या रेकॉर्डिंगमध्ये पितळी वाद्यं केवढी कर्कश आहेत!

उठाण:
पूर्वरंग, कर्कश आहेत, नाकारत नाही. पण शोस्ताकोविचची चौथी सिम्फनी ऐकताना मला तो कर्कशपणा हवा असतो. १९३६ च्या जानेवारीत ‘प्राव्दा’ या कम्युनिस्ट पक्षाच्या वर्तमानपत्राने शोस्ताकोविचच्या दुसऱ्या एका ऑपेरावर घाव घातला, आणि वर्ष संपता संपता चौथीच्या तालमी चालू असताना ती मागे घ्यावी लागली. डिसेंबर १९६१ मध्ये कंडक्टर कोन्द्राशिननी मॉस्कोत ती पहिल्यांदा सादर केली. पुढच्याच सप्टेंबरात रोझ्देस्त्वेन्स्कींनी ती एडिनबरा महोत्सवात नेली. पश्चिमेत त्याआधी कुणी ऐकली नव्हती. पंचवीस वर्षं कोंडून ठेवलेलं संगीत गुळगुळीत कसं वाजावं? आणि शेवट ऐका: सगळा गदारोळ ओसरतो, खाली एकच स्वरसंघ धरलेला, वर सेलेस्टाचे, म्हणजे घंटीसारख्या वाजणाऱ्या छोट्या पियानोसारख्या वाद्याचे, तुटक स्वर. तिथे त्यांनी जराही घाई केलेली नाही. म्राविन्स्कींनी केलेली शोस्ताकोविचची पाचवी मात्र मीही डोक्यावर घेतो.

म्हातारपणीही ओढ तीच. रशियन संगीतकार प्रोकोफिएवचा ‘द गॅम्बलर’ हा ऑपेरा क्रांतीमुळे १९१७ मध्ये रंगमंचावर येऊ शकला नव्हता, पुढे १९२९ मध्ये सुधारलेल्या रूपात ब्रसेल्सला झाला. मूळ रूप रोझ्देस्त्वेन्स्कींनी २००१ मध्ये बोल्शोईत आणलं. वर्तमानपत्रांनी झोडपलं, आणि तिथलं पुन्हा घेतलेलं पद त्यांनी वर्षही पुरं न होता सोडलं. २०१८ मध्ये मॉस्कोतच वारले, वय ८७.

चैत्रगौरी:
उठाणदादा, पूर्वरंग, खूप आभार. एवढं काही असेल असं वाटलं नव्हतं. पण सिम्फनी मुलीला जड जाईल. ती अकरा वर्षांची आहे. तिला आत्ता काय ऐकवू?

उठाण:
चौथी आत्ता नको. ‘स्वान लेक’ आहेच, त्यातच राहा. दुसऱ्या अंकात हार्पनंतर एकट्या व्हायोलिनचा लांब तुकडा येतो. पुढे तीच चाल चेलो घेतं आणि व्हायोलिन तिच्याभोवती वरच्या सुरात फिरत राहतं. तिला एकदा फक्त व्हायोलिन ऐकायला सांगा, मग फक्त चेलो, आणि तिसऱ्यांदा बाकीचा ऑर्केस्ट्रा किती हळू वाजतोय ते.