सीआरपी नॉर्मल म्हणजे रिपोर्ट चुकला असं नाही

ताई, तुमच्या बहिणीला ल्युपस आहे (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार). तिचा ईएसआर ९० आणि सीआरपी नॉर्मल (दोन्ही अंगातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या), म्हणजे सोलापूरच्या लॅबने घोळ घातला, असं तुमच्या प्रश्नावर दोघांनी लिहिलंय. मला नाही तसं वाटत. ल्युपस उसळला तरी सीआरपी बऱ्याचदा फारसा हलत नाही. उलट तो खूपच चढला, तर डॉक्टर आधी जंतुसंसर्ग शोधतात. ईएसआर तर काय, रक्त कमी असलं, लघवीतून प्रथिनं जात असली तरी वाढतो. त्याच्यावरून किडनीचं काही ठरवू नका.

किडनीसाठी बघायचं ते सी३, सी४ (प्रतिकारशक्तीची रक्तातली प्रथिनं) आणि अँटी-डीएसडीएनए (स्वतःच्याच डीएनएवर उलटणारी प्रतिपिंडं). पहिले दोन घसरतायत आणि तिसरं चढतंय, तर ल्युपसमुळे किडनीला सूज असल्याची शंका घ्यावी लागते. सोबत लघवीतलं प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर (लघवीतून किती प्रथिनं जातायत ते यातून कळतं), ते ०.५ च्या वर राहिलं की बायोप्सीचा, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून तपासण्याचा, विषय निघतो.

आणि आपल्याकडच्या मे महिन्यात पाणी कमी पडलं तरी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो कचरा) वाढतं. सांधे दुखतात म्हणून ती मेडिकलमधून डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी आणून घेत असेल, तर त्यानंही क्रिएटिनिन वाढू शकतं, ते नेफ्रॉलॉजिस्टला (किडनीच्या डॉक्टरांना) आधी सांगा.